पित्त, दृष्ट आणि ‘गुणी’ बाळ

पत्र

सिस्टर, मी पाटण तालुक्यातल्या एका वाडीत राहते. मुलगी पहिल्या बाळंतपणाला पुण्याहून माहेरी येतेय, तिला आठवा लागलाय. १९९६ साली माझं पहिलं बाळ पाचव्या दिवशी गेलं. आदल्या संध्याकाळपासून ते अंगावर ओढत नव्हतं, गप्प पडून होतं. मी सासूबाईंना म्हटलं, तर त्यांनी दृष्ट लागली म्हणून मीठ-मोहऱ्या उतरवल्या. पहाटे अंग गार पडलं. सकाळच्या एसटीने कराडला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. ही मुलगी त्यानंतरची. तिच्या वेळी काही वावगं झालं तर मला ओळखता येईल का? घरात दीर कर्ते आहेत. ते म्हणतात, आमच्या आयांनी दहा-दहा काढली, उगाच गाडीचा खर्च कशाला. आणि बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं असतं ना? मुलगी आत्तापासूनच नाही म्हणतेय.

– एक आई

उत्तर

प्रिय ताई,

ओळखता येईल का, असं विचारता. तुम्ही तर तेव्हाच ओळखलं होतं. बाळ ओढत नाही, गप्प पडून आहे, हे त्या घरात सगळ्यांच्या आधी तुमच्या लक्षात आलं आणि तुम्ही ते बोलूनही दाखवलंत. चार दिवसांची ओली बाळंतीण आणखी काय करणार होती? तुमच्या बोलण्याला घराने दृष्ट असं नाव दिलं आणि दृष्टीवर जो उपाय असतो तो केला. सासूबाईंनाही मी बोल लावणार नाही, त्यांना दुसरं नाव कुणी शिकवलंच नव्हतं. रात्रीच नेलं असतं तर बाळ राहिलं असतं का, हे आज कुणालाच सांगता येणार नाही. पण ‘मला कळलं नाही’ हे ओझं तुम्ही इतकी वर्षं वागवताय, ते खाली ठेवा. ते खरं नाही.

मी ३१ वर्षं सरकारी आरोग्य केंद्रांत नर्स होते. बाळंतपणातलं संकट बहुतेक वेळा घरच्याच नावाने घरात शिरतं, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता ती नावंच मला नको वाटतात. पित्त. दृष्ट. दुधाचा ताप. पोट साफ होतंय. बाळ भारी गुणी आहे हो. नाव ओळखीचं असलं की माणूस निर्धास्त होतो आणि सकाळपर्यंत बघू म्हणतो. धोक्याच्या खुणांची यादी मुलीच्या माता-बाल संरक्षण कार्डावर छापलेली आहे, ती वाचाच. मला मात्र तुम्हाला हे सांगायचंय की यातलं एखादं नाव घरात कुणाच्या तोंडून निघालं, की त्यामागे काय असू शकतं.

आधी पित्त, कारण ते मला सगळ्यांत जास्त सलतं.

नवव्या महिन्यातली एक बाई सकाळपासून डोकं धरून बसली होती. मळमळ, बरगडीखाली दुखणं, डोळ्यांपुढे काजवे. घरचे म्हणाले, पित्त उसळलंय. लिंबूपाणी झालं, सूतशेखर झाली, कपाळाला सुंठ उगाळून लावून झाली. रात्री साडेदहाला जीपमधून आमच्याकडे आणली तेव्हा तिला आकडी येत होती. डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी दोन्ही कुल्ल्यांत मॅग्नेशियम सल्फेटची इंजेक्शनं दिली आणि तिच्यासोबत पुढच्या रुग्णालयात गेले. बाई वाचली. बाळ पोटातच गेलं होतं. दोन आठवड्यांपूर्वी हीच बाई माझ्याकडे तपासणीला येऊन गेली होती. तोंड सुजलेलं, अंगठी बोटात रुतलेली. ‘दिवस भरत आले की सूज यायचीच,’ असं तिला मीच म्हटलं होतं. रक्तदाबाचं यंत्र त्या दिवशी बंद होतं. मी तिला दुसऱ्या दिवशी परत बोलवायला हवं होतं, ते बोलावलं नाही. म्हणून सांगते, ही नावं फक्त घरचेच देतात असं नाही. आम्हीही देतो.

पाचवा महिना सरल्यावर काहीजणींचा रक्तदाब चढू लागतो. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० झाला की तो जास्त समजायचा. त्याच्या जोडीला लघवीतून प्रथिनं जाऊ लागली, तर मेंदू, यकृत, मूत्रपिंड, वार, सगळ्यांवरच ताण येतो. डोकेदुखी मेंदूकडून येते, बरगडीखालचं दुखणं यकृताकडून, आणि घराला वाटतं पोटात पित्त झालंय. पावलांवर संध्याकाळी थोडी सूज येते आणि रात्री पाय वर ठेवून झोपलं की उतरते, ती बहुतेक साधी असते. सकाळी उठल्यावर चेहरा, पापण्या, बोटं सुजलेली दिसली तर मात्र त्याच दिवशी रक्तदाब बघायचा. डोकं गोळीने थांबत नसेल, अंधुक दिसत असेल, काजवे चमकत असतील, वरच्या पोटात दुखत असेल, तर दिवस-रात्र न बघता निघायचं. आकडी येण्याआधी पोचलं तर हातात औषध आहे. २००२ साली दहा हजारांहून जास्त स्त्रियांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. मॅग्नेशियम सल्फेटने आकडीचा धोका निम्म्यावर येतो, असं त्यात दिसलं. इंजेक्शन साधं आहे, स्वस्त आहे. उशीर होतो तो पित्ताच्या नावावर.

आणि हे बाळंतपण झालं की संपतं असं समजू नका. बाळंतीण झाल्यावरही, विशेषतः पहिल्या दोन-तीन दिवसांत, आणि क्वचित पुढच्या सहा आठवड्यांपर्यंत, रक्तदाब चढून आकडी येऊ शकते. बाळंतिणीचं डोकं ठणकतंय तर ‘गार वारं लागलं’ म्हणून कान बांधून झोपवू नका.

मुलगी आली की पहिल्याच आठवड्यात तिला उपकेंद्रात घेऊन जा, पुण्याची फाइल सोबत न्या आणि तिथे नाव नोंदवा. आशाताईंनाही सांगून ठेवा, म्हणजे पुढे बाळ बघायला त्या घरी येतील. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत डॉक्टर गरोदर बायकांना मोफत तपासतात, ती तारीख चुकवू नका. हिमोग्लोबिन किती, रक्तगट कोणता, हे तुम्हालाही पाठ हवं. हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल तर थोडा रक्तस्रावही जिवावर बेततो. तसं असेल तर घाटातल्या वाडीत थांबून उपयोग नाही, आधीच मोठ्या रुग्णालयाच्या जवळ कुणाकडे तरी जाऊन राहावं.

आता दुसरं एक वाक्य, आमच्या पिढीच्या बायका अगदी खात्रीने सांगतात ते: शेवटी बाळाला जागा उरत नाही म्हणून ते हलत नाही. जागा कमी होते हे खरं. त्यामुळे लाथ मारण्याऐवजी ढुशी दिल्यासारखं वाटतं, पण हालचाल कमी होत नाही. रोज जेवण झाल्यावर मुलीला डाव्या कुशीवर निजवून बाळाचं हलणं मोजायला सांगा. दोन तासांत दहा वेळाही हललं नाही, किंवा तिला स्वतःला वाटलं की आज रोजच्यासारखं नाही, तर त्याच दिवशी दवाखाना. तिचं ‘रोजच्यासारखं नाही’ हे म्हणणं माझ्या मते मोजणीपेक्षा मोठं.

गरोदरपणात अंगावरून रक्त गेलं, थोडं असो की जास्त, दुखत असो की नसो, थांबायचं नाही. वार खाली असली तर काही न दुखता रक्त जातं, वार सुटली तर पोट दगडासारखं कडक होतं. दोन्हींत वेळ फार थोडा असतो. पाणी गेलं तर कळा नसल्या तरी निघायचं. पाणी हिरवट असेल तर अधिकच घाई करायची, बाळाने पोटात शी केलेली असते. दिवस भरण्याआधीच कळा लागल्या किंवा पाणी गेलं तरी तेच.

कळांचं म्हणाल तर तुमच्या वाडीतून पक्क्या रुग्णालयाला दीड तास लागत असेल, तर तुमचं घड्याळ गावाच्या घड्याळाच्या पुढेच हवं. कळा ठरावीक अंतराने येऊ लागल्या की निघायचं. घरी कुणाकडून कळा वाढवायचं इंजेक्शन घ्यायचं नाही, पोट दाबू द्यायचं नाही. गर्भाशय फाटतं, मी पाहिलंय. जिथे रात्रीसुद्धा ऑपरेशन होतं आणि रक्त मिळतं असंच ठिकाण आधी ठरवून ठेवा. आणि साधी बाळंतीण झाली तरी निदान ४८ तास तिथून हलू नका. घरची ओढ असते, दीर गाडी घेऊन आलेले असतात, तरीही.

कारण आपल्या देशात बाळंतपणात आई जाते ती सगळ्यांत जास्त रक्तस्रावाने, आणि तो बहुतेकदा बाळ हातात आल्यावर, सगळे पेढ्यांचं बोलत असताना होतो. दवाखान्यात बाळ बाहेर येताच गर्भाशय आवळायचं इंजेक्शन देतात ते याचसाठी. घरी आल्यावरही लक्ष असू द्या. ‘जाऊ दे, पोट साफ होतंय’ हे वाक्य मला अजिबात मान्य नाही. अंगावरून जाणं दिवसागणिक कमी व्हायला हवं. तासाभरात पॅड पूर्ण भिजत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, उभं राहिल्यावर चक्कर येत असेल, तर तो रक्तस्राव आहे.

‘दुधाचा ताप’ही तसाच फसवा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी स्तन भरून येतात, अंग कोमट लागतं. पण थर्मामीटरमध्ये १००.४ किंवा त्याहून जास्त दिसलं, किंवा अंगावरच्या जाण्याला घाण वास आला, ओटीपोट दुखू लागलं, तर तो जंतुसंसर्ग समजायचा. एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल किंवा एकाएकी धाप लागली तर तेही लगेच दाखवायचं. मन उदास असेल, झोप उडाली असेल, बाळाबद्दल किंवा स्वतःबद्दल काही भलतं बोलू लागली, तर ‘नाटकं करते’ म्हणू नका, तिला एकटी ठेवू नका. १४४१६ या क्रमांकावर फोन केला तर मानसिक आरोग्याचं माणूस बोलतं, मराठीतही.

आता बाळ.

तुमचं बाळ गेलं त्याच सुमारास, १९९५ ते १९९८ या काळात, गडचिरोली जिल्ह्यातल्या ३९ गावांमध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळ तपासायला शिकवलं. त्या आरोग्यदूत, तुमच्या-माझ्यासारख्याच. त्या घरी जाऊन बाळाचं वजन करायच्या, श्वास मोजायच्या, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शनही द्यायच्या. त्या गावांतले नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले आणि १९९९ साली ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. २०११ पासून देशभर आशाताई बाळ बघायला घरी येतात, त्याचं मूळ तिथे आहे. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी त्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतात. चहा देऊन दारातून परत पाठवू नका, बाळाचे कपडे काढून त्यांना बघू द्या.

त्या आरोग्यदूतांना शिकवलेल्या खुणांमध्ये मला फार मोलाचा वाटतो तो एक शब्द: आधी. आधी नीट रडत होतं, आता रडणं क्षीण झालं. आधी नीट ओढत होतं, आता ओढत नाही. आधी जागं व्हायचं, आता झोपाळलंय, मलूल पडलंय. म्हणजे बाळाची तुलना शेजारच्या बाळाशी करायची नाही, त्याच बाळाच्या कालच्या दिवसाशी करायची. आणि कालचा दिवस कुणाला माहीत असतो? चोवीस तास जवळ असणाऱ्या बाईला. त्या रात्री तुम्ही सासूबाईंना नेमकं हेच सांगत होतात.

म्हणून ‘गुणी बाळ’ हे नाव मला सगळ्यांत जास्त भीती घालतं. पहिल्या महिन्यातलं बाळ दिवस-रात्र मिळून आठ-दहा वेळा तरी प्यायला उठतं, आठवडाभरात दिवसाला सहा-सात दुपटी ओली करतं. जे पाच-सहा तास उठत नाही, तळव्याला टिचकी मारली तरी किरकिरून परत झोपतं, छातीला लावलं तर तोंड उघडत नाही, ते गुणी नसतं. ते आजारी असतं. आणि त्याला ताप असेलच असं नाही. नवजात बाळाला जंतुसंसर्ग झाला तर कित्येकदा अंग तापण्याऐवजी गार पडतं. तुमच्या बाळाचं पहाटे तसंच झालं होतं.

घरात एक डिजिटल थर्मामीटर आणून ठेवा. काखेत ९७.७ ते ९९.५ हे ठीक. खाली गेलं तर बाळाला फक्त लंगोट, टोपी आणि मोजे ठेवून आईच्या उघड्या छातीशी घ्या, वरून दोघांना पांघरूण घाला आणि पाजा. तासाभरात ऊब आली नाही, किंवा बाळ ओढतच नसेल, तर तसंच छातीशी धरून दवाखान्यात न्या. ९९.५ च्या वर गेलं तर जास्तीचे कपडे काढून पुन्हा बघा, उतरलं नाही तर न्या. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल मोजा. साठ किंवा जास्त श्वास भरले तर परत मोजा, तेवढेच भरले तर न्या. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, कण्हत असेल, ओठ निळे दिसत असतील, झटके येत असतील, हिरवी उलटी झाली असेल, तर मोजत बसू नका.

काविळीबद्दल थोडक्यात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसानंतर चेहरा थोडा पिवळा दिसणं पुष्कळ बाळांत होतं. पण पहिल्या २४ तासांत पिवळं दिसलं, किंवा तळहात-तळपाय पिवळे झाले, तर कोवळ्या उन्हात धरून भागत नाही, दवाखान्यात निळ्या दिव्याखालीच ठेवावं लागतं. नाळेला तेल, हळद, राख, पावडर काहीही लावायचं नाही. ती कोरडी राहिली की आपोआप पडते. भोवती लाल झालं किंवा पू दिसला तर दाखवा. मध, बाळगुटी, साखरपाणी नको. पहिल्या तासात चीक पाजायचा आणि सहा महिने फक्त अंगावरचं. बाळंतिणीच्या बंद खोलीत कोळशाची शेगडी नको, त्या धुराने दोघांचा जीव गुदमरतो.

पाचवी तुम्ही पूजणारच, पूजा. पाटा-वरवंटा मांडाल, सटवाईसमोर कोरा कागद आणि लेखणी ठेवाल, रात्र जागवाल. जगभरात जी बाळं पहिल्या महिन्यात दगावतात त्यांतली सुमारे तीन चतुर्थांश पहिल्याच आठवड्यात जातात. कुठल्या रात्री जागायचं हे आपल्या आज्यांना बरोबर ठाऊक होतं, ताई. तुम्ही फक्त एवढं करा: मुलगी आली की त्या कोऱ्या कागदाच्या आधी दुसरा एक कागद लिहा. वर १०८ आणि १०२. त्याखाली वाडीतल्या दोन जीपवाल्यांचे नंबर, कारण रुग्णवाहिकेला घाट चढून यायला वेळ लागू शकतो. मग आशाताईंचा, नर्सबाईंचा, रुग्णालयाचा. मुलीचा रक्तगट. आणि रक्त द्यायला येतील अशा दोघांची नावं. तो कागद दारामागे लावा.

लावताना दीरांना आणि यजमानांना समोर बसवा, जावईबापूंना फोनवर घ्या. आमच्या प्रशिक्षणात शिकवायचे की बाई दगावते ती तीन उशिरांमुळे: घरात ठरवण्यातला उशीर, वाटेतला उशीर आणि दवाखान्यात उपचार मिळण्यातला उशीर. मधला आणि शेवटचा सगळा आपल्या हातात नाही, पहिला आहे. तेव्हा आत्ताच ठरवून घ्या की मुलगी किंवा तुम्ही, दोघींपैकी कुणीही ‘चला’ म्हटलं की निघायचं, चर्चा गाडीत. खर्चाचं दीरांना सांगा की २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि जाण्या-येण्याची गाडी मोफत आहे, आजारी नवजात बाळाचे उपचारसुद्धा. आयांनी दहा-दहा काढली म्हणतात, तर त्या दहांतली किती राहिली तेही त्यांनी एकदा आपल्या आईला आठवून मोजावं. हे मी टोचून म्हणत नाही. माझ्या आजीची अकरापैकी पाच राहिली.

निघून गेलात आणि डॉक्टर म्हणाले की काही नाही, घरी जा, तर परत या. पुन्हा तसं वाटलं तर पुन्हा जा. दवाखान्यात कुणी ‘एवढ्यासाठी आलात?’ म्हणून खेकसलं तर तो त्यांचा दोष.

आणि पाण्याचं. त्यात मुलीचं बरोबर आहे. पाणी कमी दिलं की ना पोट लवकर आत जातं, ना बाळाला सर्दी टळते. लघवीला जळजळ होते, शौचाला खडा धरतो, ती थकून जाते. अळिवाची खीर द्या, डिंकाचे लाडू द्या, आणि बाळाला घेऊन पाजायला बसली की दर वेळी तिच्या उशाशी पाण्याचा भरलेला तांब्या ठेवा.

तुमची,
सिस्टर